माझ्या बाजूचा ब्रेक

आधीच सांगून ठेवते, मी ओरडत नाही. माझा आवाजच तसा आहे. सव्वीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवतेय. बाजूने ट्रक धडधडत चाललेला असताना ‘क्लच दाबा’ हे काय कानात कुजबुजून सांगायचं?

आमचं ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे एक खोली, एक टेबल, भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता आणि दाराशी दोन गाड्या. खोली लेक सांभाळते. फोन, वेळा, फॉर्म, सगळं तिच्याकडे. गाड्यांचं तेलपाणी आमचे हे बघतात. आयुष्य गॅरेजात गेल्यामुळे त्यांना माणसांपेक्षा इंजिनाशी बोलायला जास्त आवडतं. आणि शिकवते मी. लेक तीस वर्षांची आहे, हुशार आहे, पण गाडी चालवत नाही. एकोणीस वर्षांची असताना मीच शिकवायला घेतलं होतं, चार दिवसांत तिने सोडून दिलं. तेव्हापासून ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांची पोर रोज बसने ये-जा करते. लोक हसतात. मीही हसते, पण आतून लागतं मला ते.

गेल्या वर्षापासून आमची एक गाडी नुसती कव्हर पांघरून उभी होती. माणसं येत नव्हती असं नाही. यायची, फॉर्म भरायची, तीन-चार दिवस शिकायची आणि गायब व्हायची. फोन केला की कुणाची पाठ धरलेली, कुणाचं ऑफिसातलं काम वाढलेलं. एकाने तर चक्क सायकल घेतली म्हणून सांगितलं. त्यात पेट्रोल पंपासमोर नवीन स्कूल उघडलं. त्यांची वेबसाइट अशी चकचकीत, की बघताना आपणच काळा चष्मा लावावा.

एक दिवस हे जेवताना म्हणाले, “हेही वर्ष असंच गेलं तर गाड्या विकू आणि शटर ओढू.”

मी ताट बाजूला सारलं. हे स्कूल मला लेकीच्या हातात द्यायचं होतं. तेवढी एकच इच्छा होती माझी.

“आई, आपण चांगली वेबसाइट करून घेऊ,” लेक म्हणाली.

पूर्वी एका ओळखीच्याने स्वस्तात करून दिलेली एक होती. ती उघडली की मधोमध स्टिअरिंग गरगर फिरायचं. फिरायचं ते फिरायचंच. बघणाऱ्याला चक्कर येत असेल तर माहीत नाही, फोन मात्र एकही आला नाही. म्हणून या वेळी लेकीने चौघांना फोन केले. तिघांनी दहा मिनिटांत दर सांगितला, रंग कुठला हवा तेही विचारलं. चौथी बाई म्हणाली, मी आधी येऊन बघते.

ती आली. पस्तिशीची, साधी, खांद्यावर कापडी पिशवी, हातात शाळेच्या मुलांकडे असते तशी वही. मी तिला सगळं सांगून टाकलं: पहिल्या पानावर माझा मोठा फोटो, मागे लाल गाडी, खाली ‘सव्वीस वर्षांचा अनुभव’ ठळक अक्षरांत, आणि पंपासमोरच्यांची झोप उडाली पाहिजे.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मॅडम, वेबसाइटचं नंतर बघू. आधी मी दोन आठवडे फक्त चौकशी करीन. कोण येतं, का येतं, का जातं. शेवटी तुम्हाला लेखी आराखडा देईन. या कामाचे पैसे वेगळे.”

“म्हणजे प्रश्न विचारायचे पैसे?”

“हो.”

“प्रश्न तू विचारणार, उत्तरं मी देणार, आणि पैसेही मीच देणार?”

“आराखडा तुमचाच राहील. तो घेऊन वेबसाइट दुसऱ्या कुणाकडूनही करून घेतलीत तरी माझी हरकत नाही.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ‘तुम्ही’वरून ‘तू’वर मी कधी घसरले तेही मला कळलं नव्हतं. मी तिला दाराचा रस्ता दाखवणारच होते, एवढ्यात लेक म्हणाली, “आई, आपण देऊ.” ती सहसा माझ्यापुढे बोलत नाही. बोलली की मला नाही म्हणवत नाही. आकडा ऐकून हे म्हणाले, “एवढ्यात चारही टायर नवे आले असते,” आणि मग उठून बॉनेट उघडायला गेले.

त्या दिवसापासून मी तिचं नाव चौकशीबाई ठेवलं. तोंडावरच ठेवलं. ती हसली.

चौकशीबाईने लेकीकडून गेल्या वर्षीच्या लोकांची यादी मागितली, शिकून गेलेल्यांची आणि मधेच सोडलेल्यांचीही. त्यांना फोन करायची परवानगी मागितली. इथवर ठीक होतं. मग म्हणाली, “मला तुमच्या गाडीत मागच्या सीटवर बसायचंय. दहा लेसन.”

“अगं बाई, वेबसाइट कॉम्प्युटरमध्ये करतात की डिकीत?”

“मी एक शब्द बोलणार नाही.”

आणि खरंच नाही बोलली. मागे बसायची, वही मांडीवर, पेन हातात. आमच्याकडे तेव्हा दातांचे एक डॉक्टर शिकत होते. भला माणूस. लोकांच्या तोंडात मशीन घालताना ज्यांचा हात हलत नाही, त्यांचे हात मोठं सर्कल दिसलं की लटपटायचे. पाच रस्ते एकत्र येतात तिथे, मधे गोल बाग. चौथ्या दिवशी मी प्रत्येकाला तिथे नेते. तिथे जमलं की सगळीकडे जमतं, असा माझा नियम आहे.

“डॉक्टर, आरसा! आरसा बघा! दात नाही बघायचेत तिथे, मागची गाडी बघायचीय! अहो, कुठे चाललात? ब्रेक!” आणि गाडी गचकन थांबायची.

आमच्या गाडीत माझ्या बाजूलाही ब्रेक आहे. शिकवणाऱ्याच्या पायाशी जास्तीचा ब्रेक लागतोच. तो आहे म्हणून तर मी जिवंत आहे.

गचका बसला की मागे पेन चालायचं. मी आरशात बघायचे. चौकशीबाई वहीत उभ्या रेघा ओढत होती. मला बरंच वाटलं. म्हटलं, बघू दे हिला, किती चुका करतात ही माणसं. लेसन संपल्यावर मी विचारायचे, “आज किती झाल्या?”

“एकोणतीस.”

“बघ! आणि वर लोक म्हणतात मी ओरडते.”

मग ती रोज एकच प्रश्न विचारायची. “आज खरंच अपघात होणार होता असं कुठे वाटलं तुम्हाला?” मी आठवून सांगायचे. एकदा टेम्पो आडवा आला होता, एकदा कुत्रं धावत आलं, एकदा एक नवशिक्या बाई चुकीच्या गिअरमध्ये मागेच निघाल्या. बाकी दिवस काही विशेष नाही. ती तेही लिहून घ्यायची. मला वाटलं, वेबसाइटवर माझ्या पराक्रमाचं पान करणार असेल. मी जरा तिखटमीठ लावूनच सांगितलं.

सहाव्या लेसननंतर दातांचे डॉक्टर यायचे बंद झाले. लेकीने फोन केला तर म्हणे दवाखान्यात गर्दी आहे. माझा जीव खाली-वर झाला. डॉक्टरांच्या भरवशावर त्यांची बायको आणि मेहुणा येणार होते.

दोन आठवडे संपले. चौकशीबाई आराखडा घेऊन आली. बारा पानं, व्यवस्थित टाचलेली. टेबलाभोवती मी, लेक आणि हे. हे हात पुसत पुसतच आले होते. मी चहा सांगितला आणि म्हटलं, “वाच. फोटो कुठला निवडलास ते आधी सांग.”

तिने पहिलं पान वाचलं. गेल्या वर्षी एकेचाळीस जण आले. त्यातले बहुतेक वेबसाइट बघून नाही, तर आमच्याकडे पूर्वी शिकलेल्या कुणाच्या तरी सांगण्यावरून आले. मी मान ताठ केली.

दुसरं पान. एकेचाळीसमधल्या तेवीस जणांनी मधेच सोडलं. तेविसातल्या सतरा जणांनी सर्कलच्या लेसननंतर.

“सर्कल अवघडच आहे,” मी म्हटलं.

“तिसरं पान,” ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज जरा खाली आला. “दहा लेसनमध्ये तुमच्या बाजूचा ब्रेक दोनशे अडतीस वेळा दाबला गेला. तुमच्याच सांगण्यावरून, खरा धोका तीन वेळा होता.”

मी तिची वही पुढे ओढली.

“म्हणजे त्या रेघा...”

“तुमच्या होत्या.”

“माझ्या?” आता हा आवाज मात्र मोठा होता, हे मी कबूल करते. “मी पैसे दिले तुला! माझ्याच गाडीत बसून, माझ्याच चुका मोजायच्या? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? मी दाबत नाही ब्रेक! उगीच नाही दाबत!”

“काकू,” ती म्हणाली. मॅडमची काकू कधी झाले कोण जाणे. “तुम्हाला कळतसुद्धा नाही दाबताय ते. आणि त्यांनाही कळत नाही. त्यांना वाटतं, गाडी त्यांच्या चुकीने थांबली. मी फोन केले तेव्हा बहुतेकांनी सारखंच सांगितलं. ‘मला गाडी जमतच नाही, सारखी बंद पडल्यासारखी थांबायची.’ ते तुमच्यावर रागावलेले नाहीत. त्यांचा स्वतःवरचाच विश्वास उडालाय.”

तिने पुढचं पान काढलं. त्यावर लोकांची वाक्यं होती, नावांशिवाय. मला वाचायची नव्हती. पण डोळे गेलेच. शेवटचं वाक्य असं होतं: ‘मी अकरा वर्षांपूर्वी चौथ्या दिवशी सोडलं. वाटलं, जी मला सगळ्यांत जास्त ओळखते, तिलाच माझा भरवसा नाही, तर मला कसं जमणार?’

“यादी गेल्या वर्षीची होती ना?” मी म्हटलं. “मग हे अकरा वर्षांपूर्वीचं कोण घुसलं यात?”

लेक स्टेपलर उघडत होती, मिटत होती. यादी तिनेच करून दिली होती. यादीच्या तळाशी तिने स्वतःचं नाव लिहिलं होतं.

मी ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं. हे खुर्चीतून हळूच म्हणाले, “अगं, तुझ्या गाडीचे ब्रेक मी गॅरेजातल्या कुठल्याही गाडीच्या दुप्पट वेळा बदलतो. मला वाटलं, रस्ते खराब आहेत.”

मी उठले आणि तडक गाडीकडे गेले. ही बाई खोटारडी आहे हे मला सिद्ध करायचं होतं. दार उघडून खाली वाकले, टॉर्च मारला. शिकणाऱ्याच्या ब्रेकवरचं रबर जवळजवळ नव्यासारखं, त्यावरची रेघ न् रेघ दिसत होती. आणि माझ्या बाजूचं? गुळगुळीत. कोपऱ्यात तर झिजून आतलं लोखंड वर आलेलं. दोन्ही रबरं एकाच दिवशी बसवली होती.

मी तिथेच गाडीच्या दारात बसले. खूप रडू आलं. माझ्या पोरीने अकरा वर्षं बसचे धक्के खाल्ले, आणि मी लोकांना सांगत होते की तिला आवडच नाही.

पाठीमागे हे येऊन उभे राहिले. “नवीन रबर बसवू?”

“नको,” मी म्हटलं. “राहू दे तसंच. मला दिसत राहू दे.”

डोळे पुसून आत आले. चौकशीबाई पिशवी आवरत होती. तिला वाटलं असणार, आता आपली हकालपट्टी. मी विचारलं, “बाराव्या पानावर काय आहे?”

“वेबसाइट सध्या करू नका, असं लिहिलंय. आधी चौथा लेसन सुधारा. तो सुधारल्याशिवाय वेबसाइट केलीत तर जास्त माणसं येतील आणि जास्त माणसं सोडून जातील. सुधारलात, की मग एकच पान पुरे.”

“म्हणजे तू स्वतःच्याच पोटावर पाय आणलास की.”

ती हसली. “म्हणून तर चौकशीचे पैसे वेगळे घेते, काकू. नाहीतर मला तुम्हाला वेबसाइट विकावीच लागली असती. मोठा फोटो, लाल गाडी, सगळं.”

मला पटलं. मला काही पटायला जरा वेळ लागतो, पण एकदा पटलं की पटलं. चहा गार झाला होता, तो मी तसाच घेतला आणि लेकीकडे वळले.

“रविवारी सकाळी सर्कलला जायचं,” मी म्हटलं. “पण तुझ्याकडे शिकाऊ लायसन्स कुठाय? आधी ते काढायला...”

तिने ड्रॉवर उघडला आणि कार्ड टेबलावर ठेवलं. कोरं करकरीत. तीन आठवड्यांपूर्वीचं. म्हणजे चौकशीबाईला पहिला फोन करायच्याही आधी काढलेलं. मी तिच्याकडे बघतच राहिले. गुलाम कुठली! आईवर गेलीय.

रविवारी सकाळी रस्ते मोकळे होते. लेक स्टिअरिंगवर, मी बाजूला, मागे चौकशीबाई वही घेऊन. मीच बोलावलं होतं तिला. म्हटलं, अकरावा लेसन फुकट बघ.

लेकीने आरसा नीट केला, पट्टा लावला आणि किल्ली फिरवण्याआधी विचारलं, “आई, तू पाय कुठे ठेवणार आहेस?”

प्रश्न रास्त होता. मी चपला काढल्या, त्या मागे चौकशीबाईकडे दिल्या आणि सीटवर चक्क मांडी घालून बसले. गुडघे कुरकुरले, पण बसले. लेक हसायला लागली. हसता हसताच तिने पहिला गिअर टाकला.

मी तोंडाला कुलूप लावलं होतं. बाजाराजवळ ती जरा जास्तच कडेने गेली; मी नुसती सीटची कड धरली. सिग्नलला गाडी बंद पडली. मी खिडकीबाहेर बघितलं. तिने परत सुरू केली. मागचा हॉर्न वाजवत होता. मी त्याला खिडकीतून काय ते सांगितलं, कारण तो काही माझा विद्यार्थी नव्हता.

आणि मग सर्कल आलं.

माझा पाय मांडीखाली वळवळायला लागला. खोटं कशाला सांगू, जीव नुसता घाबरा झाला. बागेच्या कठड्यामागून काय येईल ते दिसत नाही तिथे, हे मला सव्वीस वर्षं माहीत आहे. लेकीने वेग कमी केला, इंडिकेटर दिला, आत शिरली. पहिला रस्ता गेला. दुसरा गेला. तेवढ्यात कठड्यामागून एक सायकलवाला निघाला, डोळे मोबाइलमध्ये, सरळ आमच्या समोर.

मांडी सुटली नाही. सुटायला वेळच मिळाला नाही.

गाडी थांबली. गचका न देता, अशी अलगद थांबली की मागे चौकशीबाईच्या मांडीवरची वहीसुद्धा हलली नाही. सायकलवाला दचकला, आमच्याकडे बघत पुढे निघाला.

मी खाली बघितलं. माझे दोन्ही पाय माझ्याच मांडीत होते.

“आई,” लेक म्हणाली. तिचे हात स्टिअरिंगवर घट्ट होते आणि डोळे भरले होते. “मी थांबवली.”

“तूच थांबवलीस,” मी म्हटलं. “मी नाही. बाळा, मी काहीच केलं नाही.”

मग तिने गाडी पुढे काढली. तिसरा रस्ता आमचा होता, पण ती वळली नाही. चौथा गेला, पाचवा गेला. बागेला ती पुन्हा एक फेरा घालत होती, उगाचच, आनंदाने. मीही काही बोलले नाही. एरवी मी पेट्रोलवरून बोलले असते.

दुसऱ्या फेरीत चौकशीबाईने मागून वही पुढे धरली. पानावर तारीख होती आणि खाली सगळं कोरं.

“सुरू कर तुझी वेबसाइट,” मी म्हटलं. “एकच पान. पण स्टिअरिंग गरगर फिरवायचं नाही. आणि माझा फोटो नको. हिचा टाक. चालवताना काढ. आत्ताच काढ! आणि त्या दातांच्या डॉक्टरांना आज फोन करा कुणीतरी. सांगा, पुढच्या लेसनला मॅडम मांडी घालून बसणार आहेत!”

“आई, हळू,” लेक म्हणाली. “ओरडतेयस. बागेतले लोक बघतायत.”

बघू दे की. आधीच सांगितलंय, माझा आवाजच तसा आहे. मी खिडकीची काच पूर्ण खाली केली आणि बागेतल्या त्या सगळ्यांना सांगितलं, की गाडी माझी लेक चालवतेय.